आईच्या चेहऱ्यावरचं बदक

बॉर्नहोम, ३ ऑक्टोबर

प्रिय धाकटी बहीण इंगर, सहस्रायुषी हो.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमचं चित्रकार-मंडळ सगळ्यांचं मिळून एकच चित्र रंगवतं. कुणीही कुणाच्या कामावर न विचारता रंगवावं, हा नियम. मी आईचा चेहरा काढला. मंडळातल्या एबेनं त्यावर हिरवं बदक काढलं. मी बॅग भरली.

मंडळातल्याच म्हाताऱ्या रॅग्नहिल्डबाई कॉफी ओतत म्हणाल्या, "जा की, टोरकिल. आदिमानवांच्या गुहेतून रुसून गेलेल्यांना लांडग्यांनी खाल्लं. आपण सगळी परत आलेल्यांची लेकरं."

तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण इतकं आटोपशीर सूत्र कुठल्या पोथीत मिळालं नाही. बॅग रिकामी केली.

आईचं घर विकल्यापासून आपण बोललो नाही. भांडण तूच सुरू केलंस, तरी रविवारी येतोय. दार उघडशील ना?

तुझाच हट्टी भाऊ,
टोरकिल