शिवणीचा पाळणा आणि पांढरे चाक

५ फेब्रुवारी २००६

पाळण्याचा पहिला दांडा कातण्यासाठी खरादावर चढविला आणि उतरवून ठेवला. शिवणीसारखे सालस लाकूड, तरी तंतू उपटून आले! पटाशी कापत नव्हती, ओरबाडत होती. अल्काला कन्यारत्न झाले म्हणून भागीरथा दरेकशाला लेकीकडे गेली, त्यास आज पंधरा दिवस झाले. नामकरण सव्वीस तारखेला. ‘पाळणा आजोबांच्या हातचाच’ — असे सर्वांदेखत बोलून बसलो आहे. दांडे चोवीस. तळाशी कोरावयाची अक्षरेही ठरली आहेत: ‘देवाजी गुरुजी यांनी घडविला.’

६ फेब्रुवारी

पहाटेची वंदना व परित्राण पाठ, नेहमीप्रमाणे डोळे मिटून, खड्या आवाजात. मग अंगणातील दगडी चाकावर पाणी सोडून तासभर पटाशी घासली. व्यर्थ! चाळीस वर्षे ज्यावर धार लावली, ते चाकच थकले. अनित्यता दगडालाही सोडत नाही.

शेजारचा शालीकराम सुतार कुंपणावरून म्हणाला, “गुरुजी, हे दांडे हायेत का कारली? कायले त्या दगडाचा जीव घेऊन राहिले जी?”

९ फेब्रुवारी

गाडीने गोंदियास गेलो. चुन्नीलालच्या दुकानातून विजेचे धारयंत्र आणले — करड्या चाकासह. आता पाहू!

१० फेब्रुवारी

पाहिले. ठिणग्यांची आरास झाली, आणि पटाशीची कड मोराच्या मानेसारखी निळी! पोलादाचे पाणी उतरले. वडिलांची पटाशी होती. जेवण गेले नाही.

१४ फेब्रुवारी

पुन्हा चुन्नीलाल. त्याने कपाळाला हात लावला — “अरे गुरुजी, वो चक्का तो कुदाल-सब्बल के लिए है! लकड़ी के औजार को सफेद लगता है.” चाकाच्या कणांचा रवा कोणता, जाड की बारीक? छत्तीस, साठ, एकशेवीस — तीन चाके पुढे मांडली. मी साठ उचलले. मध्यम मार्ग सोडून जाणार कुठे? त्यातही नरम बांधणीचे. “लोहा जितना कड़क, चक्का उतना नरम.” कारण नरम चाक बोथट झालेले कण झडू देते, म्हणून त्याला नित्य नवे दात. धरून बसणारे चाक मात्र तापते आणि दुसऱ्यालाही जाळते! परतीच्या गाडीत याच विचारात एक स्टेशन पुढे गेलो.

१५ फेब्रुवारी

पांढरे चाक गुणी आहे. निळी कड खरवडून काढली. नवी थंड राहिली. दांडा उतरला, परंतु अंगावर अद्याप लव आहे. बाळाची मूठ यावर फिरणार! पूर्वीची ती तुळतुळीत सफाई कुठे गेली?

१९ फेब्रुवारी

बरे म्हणावेत असे दांडे नऊ. वंदनेत आज ‘चोवीस’ तीनदा आठवले.

२० फेब्रुवारी

अल्काचा फोन. “बाबा, बाजारातला पाळणा घेऊ का? राग नका मानू.” मी म्हणालो, “खबरदार!” मागून भागीरथेचा आवाज — “मी तांदूळ न्यायले येऊन राहिली म्हणा.” तांदळाचा आणि पाळण्याचा काय संबंध!

२२ फेब्रुवारी

विजय! भागीरथा काल आली. आज वंदनेनंतर पटाशी लाकडावर टेकविली मात्र — लोण्यातून जावी तशी! लांब, सलग, दोरीसारखी साल निघाली. दांडा गालाला लावून पाहिला. पांढरे चाक रुळावयास सहा-सात दिवस घेते, असे दिसते. शालीकरामास हा सिद्धांत समजावून सांगितला. त्याने आमच्या घराकडे पाहिले, खोकला, आणि “हव, चाकच असन जी,” म्हणून निघून गेला.

२४ फेब्रुवारी

तेविसावा झाला! एकच उरला.

२५ फेब्रुवारी

पाठ म्हणताना ठसका लागला. पाण्यासाठी उठलो — चाळीस वर्षांत प्रथमच मध्येच. मागील दारी भागीरथा. पुढ्यात ओला गुळगुळीत दगड, एका बाजूस विळा, हातात माझी पटाशी.

“केव्हापासून?”

“लगन होऊन आली तवापासून. तुमी डोळे मिटून म्हनत राहता, मी इळ्यासंगं हे बी घासून ठेवतो. चाकावरून आलं का कडेले केसावानी लोखंडाची तार राहते, ते काढा लागते.”

“बोलली का नाहीस?”

“तुमी इचारलं कवा?”

चोविसावा दांडा बसला. पाळणा उलटा करून अक्षरे कोरावयास घेतली. ‘भागीरथा व’ — एवढे आधी. पहिल्या अक्षरालाच तिने पटाशी हातातून काढून घेतली. म्हणाली — “थांबा, धार पाहून देतो.”