तूप सोडल्याचे साठ दिवस

१४ मार्च १९८३, सोमवार
रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद. डॉक्टर नरहर माझाच विद्यार्थी. वडनेरच्या शाळेत सातवीत त्याला कविता शिकवली, एकही पाठ झाली नाही. आज मात्र तूप, लोणी, साय, डालडा सगळं एका दमात म्हणून दाखवलं. वर म्हणाला, "सर, पाच मेला पुन्हा रक्त देऊ. अडीचशेच्या खाली आणा."

बारा मेला नातीचं, मीराचं लग्न. घरी येताच आमच्या सौभाग्यवती देवकाबाईंनी निकाल लावला, "रिपोट उतरला त व्याह्याच्या पंगतीत बसजा. नाई त वाढाले उभे राहजा."

व्याह्यांची पंगत म्हणजे घासाघासाला आग्रह आणि मध्ये मध्ये श्लोक. चार श्लोक माझे तयार आहेत. वाढप्याला श्लोक म्हणायला कोण सांगतं?
तूप बंद. निश्चय पक्का.

१५ मार्च
बिनतुपाचं वरण. पोरकं दिसत होतं.

१९ मार्च, दुपारी
शत्रू आधी समजून घ्यावा. मीरा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिची वही मागितली. तिने आकृती काढून दिली. ग्लिसरॉलचा छोटा कणा, त्याला तीन लांब आम्लं लोंबतात. म्हणजे एक ध्रुवपद आणि तीन कडवी! तुपातल्या ओळी सरळ, एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप थिजतं. तेलातल्या ओळीत मध्येच दुहेरी बंध येतो, ओळ वाकते, शेजारणीला चिकटत नाही, म्हणून तेल पातळ. दुहेरी बंध म्हणजे आपली यतीच. चाळीस वर्षं वृत्तं शिकवली, ती अशी कामी आली.

२३ मार्च
आज पेशीचं आवरण. तीनपैकी एक आम्ल जातं, तिथे फॉस्फेटचं डोकं येतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना नाही. म्हणून दोन रांगा: डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत समोरासमोर. शरीरात कोट्यवधी पंगती बसल्या आहेत, आणि मलाच उठवायला निघालेत.
शिवाय मेंदूत पाणी वगळलं तर निम्म्याहून जास्त स्निग्ध पदार्थच. तूप सोडल्यापासून एक ओळ सुचलेली नाही, त्याचं कारण सापडलं.

२ एप्रिल
जवसाच्या तेलात वाकड्या ओळी भरपूर. मीरा म्हणाली, तुपापेक्षा बरं. बरं असेल तर थोडं का घ्यावं? वडाभातावर हिंगमोहरीची फोडणी करून सहा पळ्या घेतल्या. सातवीला ही म्हणाली, "जेवून राह्यले का समईत तेल घालून राह्यले?"
विज्ञान आणि देवकाबाई यांचं जुनं वैर.

१८ एप्रिल, ऊन ४३
मोठा शोध. थिजतं ते वाईट. फडताळातली बरणी पाहिली, तूप पाण्यासारखं पातळ! म्हणजे आमच्या बोरगाव मेघे गावात चैत्र-वैशाखात तूप हे तेलच. नरहरने सांगितलं मार्चमध्ये, तेव्हा पहाटे गारवा होता. त्याची चूक नाही.
मीराला विचारलं. म्हणाली, "आबाजी, पोटात ऋतू नसतो. बारा महिने सदतीस अंश."
सदतीसला तूप पातळच असतं ना? असतं, म्हणाली.
मग झालं! तिने कपाळावर हात मारला. लग्नाच्या गडबडीत मुलींचं लक्ष लागत नाही.

२६ एप्रिल
ही गच्चीवर पापड वाळवायला गेली की दोन चमचे तूप. औषध म्हणून. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तुपातेलातच विरघळतात. चार जीवांना उपाशी कसं ठेवायचं?
श्लोक रोज घोकतो आहे. अडीचशेच काय, दोनशेच्या खाली जाईन.

५ मे
रक्त दिलं. लालबुंद, पातळ. शुभलक्षण.

७ मे
तीनशे अठरा. उन्हाने आकडे फुगले असावेत.
नरहरला सगळा अभ्यास समजावून सांगितला. त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "सर, मला कविता पाठ होत नव्हती, पण मी निदान येते म्हणून हात वर करत नव्हतो."
घरी हिने रिपोर्ट घडी करून कमरेला खोचला. हे नवीनच.

१२ मे, लग्न पार पडलं
व्याह्यांची पंगत बसली. माझ्या हातात तुपाचं भांडं. व्याह्यांनी चक्क गद्यात जेवण केलं. नरहरही बसला होता. त्याने पानावर हात आडवा धरला नाही.

मग बायकांची पंगत. हिच्या पानाशी आलो, धार सोडणार तोच तिने हात आडवा केला.
"मले नको."
मी म्हटलं, काऊन? आज तरी घे.
"तुमचा रिपोट उतरेपर्यंत सोडलं म्या. तुमी सोडलं त्याच दिवसापासून." इतकं हळू, की शेजारच्या विहीणबाईंनाही ऐकू गेलं नाही.

साठ दिवस समोर बसून जेवलो. तिच्या ताटाकडे एकदा पाहिलं नाही.
भांडं घेऊन पुढे सरकलो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: त्याआधी मांडवामागे उभा राहून मी तुपातल्या तीन जिलब्या खाल्ल्या होत्या, आणि तोंड अजून गोड होतं.