काचेवरून उतरवलेला पूल

बिश्केक, हॉस्टेल
सोमवार, ९ जून

प्रिय कुबात बाइके,

गुरंढोरं, माणसं, सगळी मजेत ना? मेंढ्या वरच्या कुरणावर चढल्या का? काकूला नमस्कार सांग आणि आजोबांच्या गुडघ्याचं काय ते कळव. बाइके म्हणतेय, कारण तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा आहेस आणि चुलत असला तरी मोठ्या भावाला नुसत्या नावानं हाक मारायची नसते. तेवढंच कारण आहे, दुसरं शोधू नकोस.

इकडे मरणाचं उकडतंय. गुरुवारी माझा शेवटचा पेपर; तुमच्या बॅचचे तेवढे आधीच संपले. परवा लॅबमध्ये आम्ही लोखंडाची सळी मशीनमध्ये धरून ओढून तोडली. तुटायच्या आधी ती मधेच बारीक होते, माहितीये? चक्क कंबर येते तिला! आणि मग ठाप्! मी टाळ्या वाजवल्या. सगळी मुलं हसायला लागली. हसू देत. मला हे इतकं आवडतं ना, की कधी कधी वाटतं आपल्यालाच काहीतरी झालंय.

बरं, अभिनंदन. आईनं फोनवर तासभर तेच पुराण लावलं होतं. "कुबातनं गावाला पूल दिला गं! तू काय देणार? भिंतीला चिकटवायला सर्टिफिकेट?" एप्रिलच्या पुरात जुना झुलता पूल गेला, तेव्हापासून ती पलीकडच्या गायींचं दूध काढायला घोड्यावरून नदी ओलांडते. त्यामुळे तिचा आनंद मी समजू शकते. सागिन काकांनी म्हणे तुझी ड्रॉइंग शीट गावप्रमुखाच्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, "शहरातला इंजिनियर कशाला हवा? आमच्या घरात आहे की." आता शनिवारी आशार, सगळ्या गावाचं श्रमदान. घरटी एक माणूस फावडं घेऊन येणार, मेंढी ठरलीय, आणि पूल उभा राहिला की पहिलं पाऊल आजोबा टाकणार. वा.

एक विचारायचं होतं, सहजच. केबल ज्या सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधायच्या, त्यांचे खड्डे तू किती खोल खणलेस? आई म्हणाली, ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे कमरेच्याही खाली. खड्ड्यात उभा राहून बघितलंस का रे? काही वाटलं नाही तुला?

नसेलच वाटलं. तुला कधी काही वाटावं लागलंच नाही. नववीत कॉलेजच्या एंट्रन्सची तयारी करायला आपण एका टेबलावर बसायचो, तेव्हा मी गणित सोडवायचे आणि तू टरबूज खायचास. मग वही ओढायचास. "दाखव गं, उत्तर जुळतंय का बघतो." तुझं उत्तर कुठे होतं? तुझ्या वहीत तर टरबुजाच्या बिया होत्या.

आणि डिसेंबर. डिसेंबर आठवतो ना?

मी चार दिवस खपून शीट काढली. मी किचनमध्ये असताना तू खोलीत आलास, खिडकीच्या काचेवर माझी शीट लावलीस, वर तुझा कोरा कागद, आणि उजेडात रेघ न् रेघ उतरवलीस. कॉलेजात अर्धी मुलं असंच करतात, त्याचं मला काही नाही. पण तू माझ्या आधी नेऊन दिलीस! आपल्या मास्तरांनी, तुर्दुबाएव अगायनी, दोन्ही शीट शेजारी ठेवल्या. "मास्तर आंधळा आहे असं वाटतं का तुम्हाला? कोणी कोणाचं उतरवलं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "अगाय, बहीण आहे माझी. लहान आहे. तिला माफ करा."

काय गोड आवाज काढलास! अगायनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "भावाकडून शीक जरा." जुलैत धरणावर जाऊन काम शिकायची एकच जागा होती. शाळेत असल्यापासून ते धरण आतून बघायचं माझ्या डोक्यात होतं. ती जागा तुला मिळाली. आणि मी गप्प. मोठ्या भावाला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, हे आईनं दुधाबरोबर पाजलंय ना.

पण गप्प बसले म्हणजे विसरले असं नाही हां, बाइके.

जेवायला हाका मारतायत. उद्या लिहिते.


बुधवार, ११ जून

काल लिहिलं नाही. लिहायला बसले होते, खोटं कशाला बोलू. हात चालला नाही.

आता ऐक. मार्चमध्ये झुलत्या पुलाचा प्रोजेक्ट आला. मला माहीत होतं, तू येणार. म्हणून मी दोन शीट काढल्या. खरी गादीखाली ठेवली, त्यात ठोकळ्याचा खड्डा दोन मीटर. दुसरी टेबलावर, खिडकीजवळ, पेन्सिलीला छान टोक काढून तिच्या शेजारी. तिच्यात ऐंशी सेंटिमीटर. बाकी सगळं जसंच्या तसं. माझी रूममेट आइझादा म्हणाली, "अगं, तो काय इतका बावळट आहे? त्याला कळेल की." मी म्हटलं, "बघच तू." आणि किचनमध्ये जाऊन बटाटे सोलत बसले. पाऊण तास सोलले. इतके बटाटे कोणाला लागतात? मजल्यावरच्या सगळ्या मुलींना वाटले.

परत आले तर पेन्सिल बोथट झाली होती. मी नाचले रे. खरंच नाचले.

माझा बेत असा होता: तोंडी परीक्षेत अगाय दोन्ही शीट समोर ठेवतील आणि विचारतील, "ऐंशी कसं आलं?" मी माझे दोन मीटर फळ्यावर काढून दाखवीन. पुरात काठाची माती भिजते, भिजलेली माती ठोकळा धरून ठेवत नाही, वर माणसं चालली की केबल ओढते आणि ठोकळा मुळ्यासारखा उपटून वर येतो. पाच ओळींचं गणित आहे. आणि तू तिथे नुसता उभा. बस्स, एवढंच हवं होतं मला. तुझं नुसतं उभं राहणं.

पण त्या आठवड्यात अगायच्या मुलीचं लग्न निघालं. बदली मास्तर आले, चहा पीत पीत त्यांनी चाळीस शीटवर सह्या केल्या. तुला पाचपैकी पाच. मलाही पाच. तुझ्या शीटवर तर म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे!" अक्षर!

मग मे महिन्यात सागिन काका शहरात आले आणि ती शीट गुंडाळून गावाला घेऊन गेले. तू लगेच फोन करून मला सांगितलंस. ऐकून घ्यावं म्हणूनच केला होतास ना तो फोन? "बघ पेरिझात, कागदावरचं कागदावरच राहत नाही काही लोकांचं." मी म्हटलं, छान. आणि फोन ठेवून मला हसू आलं. मला वाटलं होतं घाबरायला होईल. पण हसू आलं. डोळ्यांसमोर आलं की पूल पडलाय, रिकामा, त्यावर कोणी नाही, आणि सगळा गाव काठावर उभा राहून तुझ्याकडे बघतोय. माझ्या चित्रात पूल नेहमी रिकामाच असायचा. कशावरून रिकामा असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तीन आठवडे.

आणि एक गोष्ट. ही मी सोमवारीच लिहिणार होते, धरणाबिरणाचं सांगत बसले.

आई तासभर बोलली ना फोनवर, त्यात शेवटी तिनं आवाज खाली केला. म्हणाली, "पेरी, तू बघितलंस ना ते ड्रॉइंग? मला काय कळतंय त्यातलं. सागिन तर मुलाच्या प्रेमात आंधळा आहे. तू सांग. बरोबर आहे ना?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला इंजिनियर समजून विचारलं. आणि मी म्हणाले, "हो. बरोबर आहे."

ती म्हणाली, "मग झालं." आणि सुटल्यासारखी हसली.

आज सकाळी मी दोन्ही शीट घेऊन अगायच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तुझं सांगितलं, माझंही सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि एकच विचारलं, "सिमेंट ओतलं?"

"नाही अगाय. शनिवारी ओतणार."

"मग इथे काय करतेस?" मी दारापर्यंत पोचले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना वर्गात बसवायचं की नाही ते मी नंतर ठरवीन. त्यानं चोरलं, बाई. तू जाणूनबुजून चुकीचं काढलंस. यातलं मोठं कुठलं, ते वाटेत ठरव."

जिन्यावरूनच आईला फोन केला. म्हटलं, "मी येईपर्यंत खड्ड्यात थेंबभर सिमेंट पडू द्यायचं नाही. आजोबांना खड्ड्यावर खुर्ची टाकून बसव हवं तर." ती म्हणाली, "म्हणजे चुकलंय?" मी म्हटलं, "हो. त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं." "का गं?" "शनिवारी कळेल." ती म्हणाली, "खुर्ची टाकते." आणि फोन कट.

तेव्हा पुलाची काळजी करू नकोस. पूल वाचला. आता प्रश्न तुझा आहे.

हे पाकीट गावाकडे येणाऱ्या मार्श्रुत्का व्हॅनच्या ड्रायव्हरकडे देतेय, उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. आत खरी शीट आहे, दोन मीटरवाली. गणितही लिहून दिलंय, पाचही ओळी, अगदी फोड करून. दोन दिवस आहेत तुला. पाठ करून काठावर उभा राहून "रात्री विचार केला तेव्हा माझ्याच लक्षात आलं" असं म्हणू शकतोस. लोक टाळ्याही वाजवतील, मला माहितीये तू ते करू शकतोस. पण मी तिथे असणार. पेपर संपला की शुक्रवारच्या गाडीत बसतेय. सगळ्यात पुढे उभी राहीन आणि तुला म्हाताऱ्यांसमोर, काकांसमोर एकच विचारीन: ही रेघ इथे का काढलीस?

नाहीतर तू आपणहून सांग, की हे माझं नाही. मग मी सांगीन की चूक माझी आहे, मुद्दाम केलेली, आणि आईला मी फसवलं. मला माहितीये, तुझ्यापेक्षा मला जास्त शिव्या बसतील. कदाचित कॉलेजही जाईल. चालेल. पण आधी तू बोलायचंस. माझी पाळी तुझ्यानंतर. इतकी वर्षं तू माझ्यामागून उतरवत आलास, शनिवारी मी तुझ्यामागून बोलणार. तुला वाचवायला येतेय असा गैरसमज करून घेऊ नकोस.

फावडं जास्तीचं ठेव. एक मीटर वीस अजून खणायचंय. दोन्ही काठांना. तुझ्या खड्ड्यात मीच उतरेन.

दोन्ही शीट जिच्या हातच्या, ती
पेरिझात