पुसलेला पाला

३ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच विचारतो, "वहिनी, कासव बरं आहे ना?" कासव! आई सहा महिने खाटेवर पडली आहे मांडीचं हाड मोडून, ती बरी आहे का ते नाही विचारलं. माझं तर सोडाच. याचा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. नवरा गेला आणि सासू राहिली माझ्या गळ्यात, तिच्या गळ्यातलं कासवही माझ्याच गळ्यात. हा धाकटा दीर मात्र फोनवरून काळजी करणार! आदळलाच फोन.

मुकादम दोन दिवस खोक्याबाहेर आला नाही. हे कासवाला सासऱ्यांनी ठेवलेलं नाव, सगळ्या खोल्या तपासत फिरतो म्हणून. आता नखरे.

४ मार्च

पाला टाकला तर तोंड फिरवलं. मी रोज कॅन्टीनमध्ये अडीचशे माणसांची पालेभाजी निवडते. पाल्याचं मला कोणी शिकवू नये! धुवायचा, फडक्यात गुंडाळून झटकायचा, मग पान न् पान पुसायचं. एक थेंब राहिला तरी दुपारपर्यंत चिकट होतो. आमचा आचारी ओल्या पाल्यावरून माणसं कामावरून काढतो. घरीही मी तसाच देते. इतकं निगुतीनं मी स्वतः कधी जेवत नाही.

म्हातारी खाटेवरून म्हणते, "अगं, ओलाच टाकत जा त्याच्यापुढे." हे दुसऱ्यांदा! म्हटलं, तुम्ही पडून राहा, मला शिकवू नका.

मग स्वयंपाकघरात मी मोठ्यानं बोलत होते. भांड्यांशी. एका बाईनं किती जणांचं करायचं वगैरे.

६ मार्च

डोळे आत गेलेत त्याचे. खोक्यात पांढरं काहीतरी पडलं होतं, बोटांत चुरडलं तर वाळूसारखं करकरलं. वाडग्यातलं पाणी काल होतं तेवढंच आहे.

७ मार्च, शनिवार

अर्धा दिवस सुट्टी मागितली. आचारी म्हणाला, "घरी कोण आजारी?" कासव म्हटलं. सगळं कॅन्टीन खिदळलं. "सावकाश जा हो ताई, त्याच्या चालीनं!" हसा मेल्यांनो.

जनावरांची डॉक्टर वयानं पोरच आहे, पण हात चांगला. मुकादमाची कातडी चिमटीत धरून सोडली, तशीच उभी राहिली. म्हणाली, "पाणी कमी पडलंय अंगात, म्हणून लघवीतलं ते पांढरं वाळूसारखं झालंय. हे वाडग्यातून फारसं पीत नाहीत, खाण्यातूनच घेतात. पाला कसा देता?"

मी ताठ मानेनं सांगितलं — धुऊन, पुसून, ठणठणीत कोरडा.

तिनं पेन खाली ठेवलं. "पुसता?"

हो.

"किती दिवस झाले?"

म्हातारी पडल्यापासून. सहा महिने!

ती रागावली नाही. आता निथळताच द्या म्हणाली. तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं. काकडी कधीतरीच, तिच्यात नुसतं पाणी, ताकद नाही. कोरडं खाद्य भिजवल्याशिवाय नाही. आणि रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी मानेच्या खाली. "किडन्या शाबूत असतील तर आठवड्यात खाईल." नसतील तर? ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घरी येऊन म्हातारीला सांगावंच लागलं. वाटलं, आता ऐकवेल. मी सांगत नव्हते का, एवढं तरी. तिचा हक्कच होता. ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ मार्च

खाल्लं नाही.

९ मार्च

नाहीच. पाण्यात बसवला की नुसता बसतो. तो जीवच तिचा. सासरे गेल्यावर हसली असेल ती त्याच्याकडे बघूनच. आणि मी त्याला वाळवला — निगुतीनं!

१० मार्च

परात आज खाटेजवळच ठेवली. म्हातारी कुशीवर वळून पाणी ओतत राहिली त्याच्या पाठीवर, ओंजळीनं. "मुकादम, हजेरी लावा," म्हणाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुशीवर वळली, तेही न कण्हता. मी सांगितलं असतं तर जमलं नसतं तिला.

१२ मार्च

खाल्लं! जास्वंदीचं अर्धं फूल. शेजारणीच्या कुंडीतलं, न विचारता तोडलेलं. लाल पाकळी नाकाला चिकटवून बसला होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या बघत राहिलो. मग मी उगाच म्हटलं, बघत काय बसलात, चहा गार होतोय.

१४ मार्च

डोळे वर आले. आज न्हाणीपर्यंत तपासून आला. पांढरं पडतं ते आता मऊ असतं. डॉक्टरला कळवलं, ती खूश.

१६ मार्च, सोमवार

दिराचा फोन. शनिवारी गाडी घेऊन येतोय. आईला न्यायला आणि कासवालाही.

म्हटलं, आली का जाग एकदाची! तर म्हणतो, "वहिनी, मला आईनंच सांगितलं. तुम्ही कामावर गेलात की फोन करते ती. म्हणाली, मोठीला आमच्या दोघांचं होत नाही. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं इथे. ने आम्हाला."

फोन नीट ठेवला.

१७ मार्च

खाटेपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी बोलते ते बोलते, तोंडच तसं आहे माझं. पण जायचं आहे का तुम्हाला? माझी कीव करून नको, तुमच्या मनातलं सांगा. ती छताकडे बघत राहिली.

म्हटलं, गुरुवारपर्यंत सांगा, हो की नाही. काहीच बोलला नाहीत तर शुक्रवारी सकाळी मी त्याला कळवणार, येऊ नकोस म्हणून.