शालूला भिंतीच्या आत घेणेबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
स्मशानभूमी व दफनभूमी कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : साहेबराव मोशे त्रिभुवन, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक.

विषय : मयत शालू साहेबराव त्रिभुवन हिला ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीबाहेरून काढून भिंतीच्या आत दफन करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो भलत्याच शाखेत गेला.
२) मयताच्या क्रुसावर चिकटवलेली अतिक्रमणाची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार नम्रपणे सादर करतो की, मयत शालू ही अर्जदाराची लग्नाची बायको. तिच्या नावामागे काय लावावे, इथपासूनच अडचण आहे. ‘कै.’ लिहावे तर मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक नाक मुरडतात. ‘ख्रिस्तवासी’ लिहावे तर मंडळीची कमिटी लेखी हरकत घेते. म्हणून ‘मयत’ लिहिले आहे. त्याला अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही. मंडळीचे नाव अर्जदार या अर्जात लिहीत नाही, कारण नाव लिहिले की कमिटीला एकदम स्वतःच्या अब्रूची आठवण होते.

२. शालू देवगाव रंगारीची, मेंढरं राखणाऱ्या धनगराची लेक. तिचे वडील कडुबा यांनी लग्नाला होकार देताना एकच अट घातली. त्यांचे शब्द जसेच्या तसे असे : “पोरगी दिली, पण देव नाय दिला. मी हाय तवर तिच्या डोक्यावर दुसरं पाणी पडू द्यायचं नाय.” साहेबांच्या माहितीसाठी, ‘दुसरं पाणी’ म्हणजे बाप्तिस्मा, ख्रिस्ती होताना डोक्यावर घ्यायचे ते पाणी. शालूने बापाला शब्द दिला आणि पाळला. म्हातारा चिवट निघाला. तो जिवंत असेपर्यंत शालू दर रविवारी अर्जदारासोबत उपासनेला आली, शेवटच्या बाकावर बसली, सगळी गीते तोंडपाठ म्हणाली. फक्त प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरू लागला की ती उठून बाहेर जाई आणि लोकांच्या चपला राखत बसे. बाप्तिस्मा नसलेल्याला ती भाकर चालत नाही, चपला मात्र चालतात. नाताळाच्या जेवणाच्या भाज्या चिरायला, मयताच्या घरी भाकरी थापायला, आजाऱ्याच्या उशाशी बसायलाही ती चालत होती. तेव्हा दाखला कोणी मागितला नाही.

३. कडुबा वारले. त्यांचे दिवस झाल्यावर शालू स्वतःच्या पायाने पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, “आता मी मोकळी झाले. मला पाणी द्या.” देऊन टाकायचे होते, साहेब! पण कमिटीने तिला वर्गाला बसवले. पन्नाशी उलटलेली, अक्षरओळख नसलेली बाई, आणि प्रश्नोत्तरे पाठ करायची. परीक्षा घेतली चिटणीस अभय शेजवळ यांनी. त्यांनी विचारले, “तारण म्हणजे काय?” आमच्या धर्मात तारण म्हणजे पापापासून सुटका. पण शालूने आयुष्यभर हा शब्द दुसरीकडे ऐकला होता. तिच्या आईचे वाळे दुष्काळात सावकाराकडे तारण होते. ती म्हणाली, “आपली वस्तू लोकाकडं ठेवायची, मंग सोडवून आणायची.” कमिटी पोट धरधरून हसली आणि तिला पुढच्या वर्षी यायला सांगितले. पुढचे वर्ष पुढच्या वर्षावर गेले. शालू घरी येऊन रडली नाही. रागाने सगळी भांडी पुन्हा घासायला काढली.

४. गेल्या साली ती आजारी पडली. संसर्गाच्या वॉर्डात ठेवली, म्हणून अर्जदारास आत सोडत नव्हते. शेवट दिसू लागला तेव्हा तिने निरोप धाडला : “मला पाणी लावा. मला अशी कोरडी धाडू नका.” अर्जदाराने पाळकसाहेबांना फोन केला. ते बाहेरगावी सभेला होते. म्हणाले, वर्ग पुरा झालेला नाही, कमिटीला विचारावे लागेल. कमिटीच्या बैठकीपर्यंत थांब, असे यमाला सांगायची सोय असती तर अर्जदाराने तोही अर्ज केला असता.

५. त्या वॉर्डात आबेदा नावाची परिचारिका होती. आमच्याच गल्लीतल्या शफीकभाईंची मुलगी, शालूच्या हातच्या भाकरी खाऊन वाढलेली. जीव जात असेल तर पाळकाची वाट न पाहता कोणीही पाणी लावावे, असे अर्जदाराने लहानपणापासून मंडळीतच ऐकले आहे. म्हणून त्याने काचेपलीकडून फोनवर एकेक शब्द सांगितला आणि आबेदाने तो म्हणत पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने शालूच्या कपाळावर तीनदा पाणी सोडले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिन्ही नावे बरोबर. शालू तिच्याकडे बघून हसली, हे अर्जदाराने काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पहाटे ती गेली.

६. पुढचा तमाशा ऐकावा. अर्जदाराने कमिटीला कळवले की, सिस्टरांनी मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला. कमिटीला वाटले, मठातल्या सिस्टर. लगेच मंजुरी मिळाली आणि भिंतीच्या आत खड्डा खणायला सुरुवात झाली. खड्डा कमरेइतका झाला असेल, तेवढ्यात आबेदा ड्युटी संपवून बुरखा घालून मातीला आली. ‘कोण ही?’ म्हणून चौकशी झाली. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर, आणि त्याही मुसलमान, हे कळल्यावर चिटणिसांचा चेहरा उतरला आणि फावडे थांबले. आबेदा बिचारी रडतरडत सांगत होती, “काका जो बोले वोच मैं बोली. पानी भी पाक था.” पण पाणी पाक असून भागत नाही. पाणी लावणारा हात बाप्तिस्मा झालेला पाहिजे, असा कमिटीने तिथल्या तिथे उभ्या-उभ्या निर्णय दिला. खणलेला खड्डा अर्जदाराच्या डोळ्यांदेखत बुजवला. पेटी लोकांच्या खांद्यावर तशीच ताटकळत होती. शेवटी दिवस मावळताना शालूला भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला माती दिली. जिने जन्मभर यांच्या चपला राखल्या तिला मेल्यावरही चपलांपाशीच ठेवली, यासाठी अर्जदार कमिटीला कधी क्षमा करणार नाही. क्षमा करावी हे त्याला शिकवलेले आहे. तरी करणार नाही.

७. अर्जदार नंतर पाळकसाहेबांकडे जाऊन भांडला. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी लटकलेल्या चोराला कोणी पाणी लावले होते, त्याचा कुठला वर्ग झाला होता, असे त्याने विचारले. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकात नेण्याचे वचन मिळाले. पाळकसाहेब मनाने वाईट नाहीत. खाली बघून म्हणाले, “साहेबराव, तारण विश्वासानं होतं, त्यात वाद नाही. पण दफन दाखल्यानं होतं.” म्हणजे शालू स्वर्गात चालते, भिंतीच्या आत चालत नाही. स्वर्गाच्या दारात कमिटी नसावी, एवढीच आता आशा आहे.

८. येथवरचे दुःख अर्जदाराने गिळले होते. तो रविवारी उपासनेला जाण्याऐवजी भिंतीबाहेर जाऊन बसायचा, गवत काढायचा. पण आता रस्ता रुंद होतो आहे आणि कडेने नाली जाणार आहे. दफनभूमीची भिंत धार्मिक जागेची म्हणून वाचली. भिंतीबाहेरची शालू अतिक्रमण ठरली. तिच्या क्रुसावर जी नोटीस चिकटवली आहे तिचा मजकूर असा : ‘भोगवटादाराने सात दिवसांच्या आत स्वतःहून जागा मोकळी करावी, अन्यथा जागेवरील साहित्य हटवून खर्च वसूल करण्यात येईल.’ साहेब, भोगवटादार गेल्या सालापासून पडून आहे. ती स्वतःहून उठली तर अर्जदाराला या अर्जाची गरज उरणार नाही, आणि कमिटीचीही दाखला मागण्याची छाती होणार नाही. तोवर ‘साहित्य’ या शब्दाला अर्जदाराची हरकत आहे. ते साहित्य म्हणजे त्याची बायको आहे. येत्या शनिवारी मुदत संपते आणि जेसीबी आताच कोपऱ्यावर येऊन उभा आहे.

९. रस्त्याची मोजणी झाली तेव्हाच, नोटिशीच्या कितीतरी आधी, तिला आत हलवण्यासाठी अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला होता. चूक एवढीच झाली की, त्यात त्याने ‘मयताचे तारण झालेले असल्याने’ असे लिहिले. तो अर्ज कुठल्याशा कर्ज शाखेकडे वर्ग झाला. तेथून उत्तर आले की, तारण मालमत्तेचा सातबारा आणि दोन जामीनदारांचे रहिवासी दाखले जोडावेत. अर्जदाराच्या धर्मात जामीनदार एकच आहे आणि त्याचा रहिवासी दाखला काढणे अवघड आहे. ते जाऊ द्या. अर्जदाराला राग याचा आला की, तारणाचा हाच अर्थ शालूने सांगितला तेव्हा ती नापास झाली, आणि सरकारने सांगितला तेव्हा त्याला जावक क्रमांक मिळाला.

१०. त्यानंतर अर्जदार समक्ष आला. आपल्या कक्षात सांगितले, कमिटीची ना हरकत आणा. कमिटी म्हणते, साहेबांचा आदेश आणा. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. बाप्तिस्मा खरा की खोटा हे ठरवायला अर्जदार आपल्याला सांगत नाही. ते आपले काम नव्हे, आणि त्याच्या मते ते कमिटीचेही नव्हते.

११. म्हणून अर्जदार आता एक मार्ग सुचवतो, जो सरकारी माणसाला सहज समजेल. नोकरीत असताना त्याने सिल्लोडच्या शाळेतून आपसी बदली करून घेतली होती, शालूला म्हाताऱ्या बापाजवळ राहता यावे म्हणून. दोन कर्मचारी राजी असले की ते एकमेकांच्या जागी जातात. पदे तेवढीच राहतात, खात्याचे काही बिघडत नाही. दफनभूमीत अर्जदाराच्या आईशेजारची जागा अर्जदाराच्या नावे राखलेली आहे, तसा कमिटीचा ठराव आहे. ती जागा शालूला द्यावी. बदल्यात अर्जदार भिंतीबाहेर जाण्यास राजी आहे. नालीचे काम उरकल्यावर वर जी माती उरेल ती त्याला पुरे.

१२. आत बाप्तिस्मा नसलेले एक माणूस वाढले, अशी बोंब कमिटीने मारू नये, म्हणून अर्जदार आपला बाप्तिस्माही बदलीत देत आहे. तो त्याला तान्हेपणी मिळाला. प्रश्न नाही, उत्तर नाही, वर्ग नाही. पाणी गार लागले म्हणून त्याने भोकाड पसरले, असे आई सांगायची. एवढीच त्याची पात्रता. जी मागत राहिली तिला दिले नाही आणि जो नको म्हणून रडला त्याच्या डोक्यावर ओतले. ही चूक दुरुस्त व्हावी. मग साहेबरावाचे पुढे काय, असे कमिटी विचारील. तर जिथे शालूला दारात अडवतात, तिथे साहेबरावाने आत बसून कोणाचे तोंड बघायचे?

तरी शनिवारच्या आत आदेश व्हावा, ही विनंती. उत्तर नको, आदेश हवा.

आपल्या दारात शेवटचा आलेला,
(सही)
साहेबराव मोशे त्रिभुवन

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) शालूचा मृत्यूचा दाखला.
२) आबेदा शफीक शेख, परिचारिका, यांचा सहीनिशी जबाब.
३) नोटीस. क्रुसावरून काढताना कोपरा फाटला आहे.
४) अर्जदाराचा बाप्तिस्म्याचा दाखला, मूळ प्रत. परत पाठवू नये.