घरच्या रुईची बंडी

११ जानेवारी, शनिवार. बोरगाव मेघे

परवा ट्रेकसाठी लेहला निघायचं. बॅग नऊ किलोच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय, आणि आज संध्याकाळी सेलूहून बाबा आले ते बंडी घेऊन. घरच्या शेतातली रुई भरून शिवलेली, उशीएवढी फुगलेली. आल्याआल्या बॅगेत कोंबलीही.

कसं सांगू? तिथे कापूस चालतच नाही. चढताना घाम येतो, कापूस तो पिऊन बसतो आणि मग अंगावरच गारठतो. लोकरच लागते. जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाला हे सांगायचं! सांगितलं शेवटी.

"कापूस काऊन नाई चालत?" एवढंच विचारलं. ऐकून घेतलं. मग स्वतःच बंडी बाहेर काढली, माझे लोकरीचे मोजे घट्ट गुंडाळून त्या जागी बसवले. चेन सहज लागली. किती सोपं केलं माझं.

पण वाईट वाटलं असेल का? विचारलंच. म्हणाले, "मी घालतो ना पोरी. तू वापस येतपर्यंत."

आता व्हरांड्यात बसलेत, ती बंडी घालून. कपाळावर घाम. "काढा ना बाबा," म्हटलं.

"तुले तिकडं थंडी वाजीन," म्हणाले, आणि गळ्याजवळचं बटणही लावून घेतलं.