पंचमीची सुकती

२ डिसेंबर, मंगळवार

टॉवरखालच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कर्णिकने सहल जाहीर केली. जानेवारीत, समुद्रावर. गाव परत तेच. माझं माहेर, माझ्या बालमैत्रिणीचं, हिराचं गाव. वर म्हणतो, "मागच्या वेळी काय मजा आली ना सगळ्यांना!"

मजा. मागच्या वेळी माझ्या शब्दावर हिराने बावीस माणसांचं जेवण रांधलेलं. पहाटे बंदरावर जाऊन पापलेटं स्वतः निवडलेली, साठ भाकऱ्या थापलेल्या. आणि या गृहस्थाने बस तिच्या दारावरून तशीच पुढे एसी हॉटेलात नेली. का, तर मोबाईलवर त्या हॉटेलला साडेचार तारे! मी मागच्या सीटवरून ओरडत होते, अहो थांबवा. हा हसून म्हणतो, "मावशी, तिथे हात धुवायला बेसिन तरी असेल का?"

अख्खी बस हसली. हिरा दारात उभी होती. मी काचेतून पाहिली.

तेव्हापासून फोन उचलत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

मोठ्या मुलाच्या दुसरीच्या पुस्तकावरून अक्षर शिकले, तेव्हा वाटलं नव्हतं की त्याचा उपयोग कर्णिकला शिव्या घालायला होईल. पण पोटात ठेवण्यापेक्षा वहीत बरं.

आज डबे काढले पुसायला. सुक्या मासळीचा डबा रिकामा. दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, हिराकडून गाठोडं येतं. बोंबील, सोडे, थोडा जवळा. हिरव्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेलं. नारळी पौर्णिमेला मी त्याच फडक्यात करंज्या बांधून परत पाठवायची. तेवीस वर्षं ते फडकं ये-जा करत होतं. यंदा आलं नाही. पौर्णिमेला करंज्या केल्या, पण बांधणार कशात? घरातल्यांनी खाल्ल्या. मला एक गिळवली नाही.

कर्णिकला मी सोडणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सहलीची मीटिंग. कर्णिक बँकेतून निवृत्त, त्यामुळे सगळं छापील. शुक्रवार २३ जानेवारी. पाचला निघायचं. वाटेत पोहे-चहा. पावणेदहाला चालत समोरच्या किल्ल्यावर. एकला हॉटेलात सुरमई थाळी. मग घोडागाडी, शहाळं, ताडगोळे (जानेवारीत ताडगोळे! कुठून आणणार हा?), सूर्यास्त, परत.

ऐकता ऐकता बोटांवर मोजलं. तेवीसला पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारला पुरं पाणी, साडेनऊला पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. किल्ल्यावर पायी जायची वाट सुकतीलाच उघडते, अकराला बंद. पावणेदहाला गेलेली माणसं फोटो काढत बसली तर अंधार पडेपर्यंत तिथेच.

सांगायला तोंड उघडलं. "कर्णिकसाहेब, त्या दिवशी तिथी—"

"मावशी, तिथी-बिथी नंतर. चहाचं जरा बघा ना."

बघितलं चहाचं. आलं घालून दिला. तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

५ जानेवारी, सोमवार

सगळं मनात जुळवलंय. हे किल्ल्यात अडकणार. पोटात पोह्यांशिवाय काही नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलचे साडेचार तारे लांबून बघत बसणार. मग हिराच्या थोरल्याची होडी. होडी सोडायच्या आधी कर्णिकने हिराच्या दारात, नाही, पाण्यात उभं राहून म्हणायचं, चुकलं. सगळ्या बसच्या देखत. तेव्हा माझं पोट भरेल.

भाजी निवडताना हसू येत होतं. सून म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, मेथी छान आहे.

२१ जानेवारी, बुधवार

एकच अडचण, कुलकर्णीवहिनी. तिला शुगर, वेळेवर जेवावं लागतं. तिला म्हटलं, तुम्ही किल्ल्यावर जाऊ नका हं, माझ्यासोबत वाळूत बसा, माझे गुडघे दुखतात. "हो हो, बसू की," म्हणाली. झालं तर मग.

२३ जानेवारी, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

पावणेदहाला सगळे उतरले. वाळू चकचकीत, किल्ल्यापर्यंत घोट्याएवढंसुद्धा पाणी नाही. कर्णिक टोपी घालून पुढे. मी गुडघा धरून बसले. वहिनी माझ्याशेजारी. मी नारळपाणी आणायला उठले, परत आले तर वहिनी नाही. लांब वाळूत तिची जांभळी साडी. कर्णिकने हाक मारलेली, "चला हो वहिनी, ग्रुप फोटो!"

मी ओरडले. वारा उलटा.

अकराला पाणी वाटेवर चढलं. बाराला किल्ल्याच्या पायऱ्यांना लागलं. तटावरून कुणीतरी ओढणी हलवत होतं. त्यातलं अर्धं दृश्य मी महिनाभर मनात चाखलेलं. पण वहिनीची डब्याची पिशवी माझ्या मांडीवर होती.

धावले. या वयात धावले. हिरा अंगणात कोलंबी सोलत होती. वर बघितलं नाही.

"हिरा, होडी काढ. आमची माणसं किल्ल्यात."

"आज पंचमी ना गो?"

"हो."

"मग तुला म्हाईत होतां."

कोळ्याच्या पोरीला पंचमीची सुकती माहीत नाही, असं कोण मानेल? हिराने कोलंबीचं भांडं बाजूला ठेवलं, मुलाला हाक मारली. तो होडी घेऊन गेला. मला म्हणाली, "माझ्यासाठी केलंस? माणसां पाण्यात ठेवून?"

मग पाठ फिरवून भाकऱ्या थापायला बसली. मीही बसले शेजारी. परातीतलं पीठ सरकवलंन माझ्याकडे.

होडीला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. वहिनी आली ती पांढरीफटक. हिराने आधी तिला गूळ दिला, मग भाकरी. बाकीचे अंगणात ओळीने. कोलंबीचं कालवण, सुकट, पांढरा कांदा. कर्णिकने चार भाकऱ्या खाल्ल्या. बोटं चाटत म्हणतो, "वा मावशी! हे घर आधी कसं नाही कळलं कुणाला?"

त्याला आठवतसुद्धा नव्हतं! ज्या दारावरून बस नेली ते दार ओळखूसुद्धा आलं नाही!

मी उठले बोलायला. हिराने नुसती मान हलवली. जेवणाऱ्याला तिच्या घरी कुणी टोकत नाही. हात धुवायला तिने स्वतः तांब्या धरला.

२४ जानेवारी, शनिवार

काल बसमध्ये त्याच्या सीटपाशी जाऊन सांगितलं. हळू आवाजात, दोनच वाक्यं. "मागच्या वर्षी बावीस पानं मांडून जी बाई दारात उभी होती, ती हीच. आणि बेसिन नव्हतं, ते तुम्ही आज पाहिलंतच."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, ठाण्याचा खाडीपूल येईपर्यंत तशीच. कुणी हसलं नाही. मी जे मागत होते ते साधारण हेच. तरी गोड लागलं नाही. वहिनीचा चेहरा समोरून जात नाही.

ती वाटेत म्हणाली, "बरं झालं तुम्ही काठावर होतात."

३ फेब्रुवारी, मंगळवार

कर्णिक कट्ट्यावर येत नाही. लोक म्हणतात, ताप. येऊ दे ताप.

वहिनीला सगळं सांगितलं. तिथी मला माहीत होती, हेही. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी डबा नेला असता." एवढंच. दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना नेहमीसारखी बेल वाजवली. माझ्याहून मोठ्या मनाची बाई.

हिरा अजून फोन उचलत नाही.

९ मे, शनिवार

दुपारी बेल. दारात कर्णिक, घामाघूम. हातात गाठोडं. हिरव्या चौकड्यांचं.

त्याच्या हातात? त्याच्या?

"परवा गेलो होतो," म्हणाला. "एकटाच, एसटीने. हिराताईंना म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, आधी जेवा."

म्हणजे माफी मागितली. माझ्या देखत नाही, बसच्या देखत नाही. मी वर्षभर जे शिजवत ठेवलं ते हा एकटा जाऊन जेवून आला!

"आणि हे माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, फडकं पौर्णिमेला करंज्या घेऊन परत आलं पाहिजे. करंज्या कोण करणार ते तुमचं तुम्ही बघा." मग म्हणतो, "मावशी, मला पाणीसुद्धा उकळता येत नाही हो. आणि या बोंबलांचं काय करतात?"

दार लावून घ्यायचं मनात होतं. खरंच. हात कडीवर होता. पण फडक्याची गाठ दिसली. हिरा गाठ उलटी मारते, लहानपणापासून, डावखुरी ना. दोन्ही टोकं आत दडपलेली. ती सोडवायचं मला जमतं, याला सात जन्मांत जमायचं नाही. हे तिला माहीत आहे.

म्हटलं, "ठेवा ओट्यावर. संध्याकाळी या. मसाला आहे की नाही ते बघते."

"किती वाजता?"

"सहाला."

गाठोडं ओट्यावर आहे. अजून सोडलं नाही. वास सगळ्या घरात. मसाल्याचा डबा काढून ठेवलाय, शेजारी तिखटाचाही. त्याच्या बोंबलांत कुठल्यातला चमचा भरायचा ते ठरलेलं नाही.

आज अष्टमी, आठ पाऊण सहा. सहालाच पुरं पाणी.